एका नळीत दोघं

पैज लागली ती थुंकीवरून. नाक मुरडू नका. आमच्या गल्लीत याहून फालतू गोष्टींवर पैजा लागल्यात. तारेवरचा कावळा आधी उडेल की आधी ओरडेल. इस्त्रीवाल्या मावशीचा कोळसा आधी विझेल की तिचं तोंड आधी बंद होईल. दर वेळी कोळसाच विझतो, हे पोराटोरांना माहीत आहे, तरी लावणारे लावतात.

दुपारची वेळ होती. त्या वेळेला आमची गल्ली अर्धी झोपेत असते. मावशीच्या इस्त्रीखालून वाफ निघते, उन्हात शिरते, आणि त्या वाफेपलीकडची दुकानं पाण्याखाली असल्यासारखी हलायला लागतात. माझं दुकान किल्ल्यांचं. कुलपं दुरुस्त करतो, किल्ल्या काढून देतो. शेजारी मास्तरचं शिवणकामाचं. मध्ये नुसती फळ्यांची भिंत. त्याचं पायमशीन सुरू झालं की माझ्याकडे खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या बारीक किणकिणतात. त्या आवाजावर मी आयुष्यभर डुलक्या काढल्यात.

तर त्या किणकिणाटात सिस्टर आली. दवाखान्यातली. खांद्याला पिशवी, हातात प्लास्टिकच्या नळ्या.

"उद्या सकाळी वाचनालयात या सगळे. नळीत थुंकी द्यायची, बास. सुई नाही, काही नाही. तोंडात कॅन्सरचं काही सुरू होत असेल तर थुंकीत त्याची चाहूल लागते. तंबाखूवाल्यांनी तर यायचंच."

हे ती मास्तरकडे बघून बोलली. मास्तरचा डावा गाल बारा महिने फुगलेला. त्यात तंबाखूची गोळी अशी बसवलेली, की ती काढली तर तोंडाचं फिटिंग बिघडेल.

"मला काज करायचेत," मास्तर मान वर न करता म्हणाला.

सिस्टर पुढच्या घरी गेली. एवढ्यात मास्तरची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, हातात धडधाकट कुलूप घेऊन माझ्याकडे आल्या.

"हे जरा अडकतंय, भावजी," मोठ्याने म्हणाल्या. मग हळू आवाजात, "ह्यांना उद्या न्याच. डाव्या बाजूला घास जाऊ देत नाहीत. तिखट सोडलंय. आणि परवापासून दोरा उजव्या दाताने तोडतायत."

"दाढ असेल."

"मीही तेच म्हटलं. पण दाढ दुखणारा माणूस दाढ धरतो. हे गालाच्या आत बोट फिरवत बसतात, कापड पारखल्यासारखं."

मास्तरला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण पैज म्हटली की तोच मास्तर मशीन सोडून उभा राहतो, हे मला ठाऊक. मी फळीवर थाप मारली.

"मास्तर, जाऊ नकोस ते बरं. तुझ्या तोंडात थुंकी उरलीच कुठेय? विहीर आटली तुझी."

मशीन थांबलं. "कुणाची आटली?"

"नळीला एक रेघ आहे. तिथपर्यंत माझी आधी भरणार. तुझी संध्याकाळपर्यंत नाही."

"अरे जा! मी इथून थुंकलो तर तुझ्या कुलपाच्या भोकात जाईल!"

"मग लाव पैज."

मावशी इस्त्री उभी करून पुढे आली. पंच नेहमी तीच. तिने जागच्या जागी अट ठरवली: हरेल त्याने बाजाराच्या दिवशी मास्तरच्या दुकानासमोर स्टुलावर पुतळा होऊन उभं राहायचं. जिंकणारा अंगावर घालील ते घालायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही, दिवे लागेपर्यंत.

"मान्य," मास्तर म्हणाला. "तुझ्या मापाचा एक झालरीचा फ्रॉक आत्ताच डोळ्यासमोर आला."

वहिनी कुलूप घेऊन गेल्या. जाताना हसू दाबायला त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

दुसऱ्या सकाळी धुकं होतं. वाचनालयाची खोली आतूनही धुरकट वाटत होती, जुन्या कागदाचा वास, खिडकीत दुधासारखा उजेड. सिस्टरने बाकं भिंतीकडे तोंड करून लावली होती, कारण माणसाला दुसऱ्यादेखत थुंकायची लाज वाटते. म्हणजे रस्त्यात वाटत नाही, नळीत वाटते.

"खाकरायचं नाही. घशातलं नको. मान खाली, ओठ सैल, आपोआप जमू द्या. घाई नको."

सगळे माना खाली घालून बसले, नळी ओठाला लावून. मला ते भिंतीसमोर बसलेले बासरीवाले वाटायला लागले, ज्यांना सूर सापडत नाहीये पण शोधायची घाईही नाहीये. इतकी शांतता आमच्या गल्लीतल्या माणसांनी एका जागी कधी केली नव्हती. मावशीसुद्धा गप्प होती. नळी तोंडात असल्यामुळे असेल.

माझी नळी सुरू झाली होती. शेजारी मास्तर. त्याच्या नळीच्या तळाला फेसाचा एक ठिपका, बास. ओठ खडूसारखे पांढरे.

"येत नाही रे," तो पुटपुटला.

"येईल. गालाला पैजेचं सांग."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत पैज नव्हती. बाकाखालून त्याचा हात आला, हातात त्याची नळी.

"भर."

"काय?"

"तुझी भर यात. नाहीतर मी उठलो. आणि हिला काही बोललास तर तुझं तोंड बघणार नाही."

तो खरंच उठायला लागला होता. सिस्टरची आमच्याकडे पाठ होती. आणि मला, खोटं कशाला बोलू, मजाही वाटली. थुंकी उसनी देणारा पहिला माणूस मीच असेन. मी माझी बाजूला ठेवली, त्याची भरली. रेघेच्या जरा वरच.

"झाली!" मास्तरने नळी उंच धरली.

"मास्तर जिंकला," मावशी म्हणाली. दारात उभ्या असलेल्या वहिनींनी मोठा श्वास सोडला. मीही हसत हसत माझी नळी भरली. वा रे मी, एका दगडात दोन पक्षी! पक्षी कुठले, दगड स्वतःच्याच पायावर पडला होता, ते कळायला दुपार उजाडावी लागली.

दुपारी एक गिऱ्हाईक आलं. म्हणे, तुम्ही काढून दिलेली किल्ली लागत नाही. मी दोन्ही किल्ल्या एकमेकींवर धरल्या. दाते हुबेहूब. मग लक्षात आलं, त्याने नमुन्याला आणलेली किल्लीच भलत्या दाराची होती. किल्ली बरोबर, कुलूप चुकीचं.

गिऱ्हाईक गेलं तरी मी ती किल्ली हातात धरून बसलो. पलीकडे मशीन चालू होतं, किल्ल्या किणकिणत होत्या. मला डुलकी लागली. डुलकीत मी मास्तरच्या तोंडात शिरलो होतो. आत एक लांब खोली, लाल मखमलीची, भिंती हळूहळू श्वास घेतायत. डावीकडच्या भिंतीचं अस्तर उसवलेलं, त्यातून पांढरा कॅनव्हास दिसतोय. मी हात लावायला गेलो तर सिस्टर दारातून विचारते, "सगळं ठीक ना?" आणि मी तिच्याकडे बघून, मास्तरच्या आवाजात म्हणतो, "एकदम स्वच्छ." जागा झालो तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं.

पुढे सिस्टर निकाल घेऊन आली. माझा स्वच्छ. मास्तरचाही स्वच्छ.

"पण काका," ती मास्तरला म्हणाली, "ही नुसती चाळणी आहे. तोंडात काही टोचत असेल, चट्टा असेल, तर निकाल काहीही येवो, डॉक्टरला दाखवायचंच."

यातलं 'स्वच्छ' तेवढं मास्तरच्या कानात गेलं. बाकीचं बाहेर सांडलं. त्याने कागद मशीनवरच्या फळीला टाचणीने टोचून ठेवला. वहिनी त्या दिवशी गुणगुणत होत्या. फळीतून ऐकू येत होतं. वर्षानुवर्षं शेजारी राहून मला माहीत नव्हतं की त्या गातात.

मी मास्तर एकटा आहे बघून त्याच्या दुकानात गेलो.

"कागद काढ तो."

"का? जळतंय? हरलास म्हणून?"

"लेका, तो माझ्या तोंडाचा कागद आहे."

"अर्धी माझी होती."

"अर्धी? तळाला एक फेसाचा ठिपका होता तुझा!"

"ठिपका तर ठिपका. माझाच ना? काही असतं तर ठिपक्यात दिसलं असतं." तो कापडावर खडूने रेघ मारत होता. रेघ वाकडी जात होती. मास्तरची रेघ वाकडी गेलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"मास्तर, गालात काय आहे?"

"काही नाही."

"दाखव."

"तू काय डॉक्टर आहेस? कुलपात तार घालणारा माणूस तू!" मग खडू ठेवून, हळूच, "खरखरीत लागतंय जरासं. कॅनव्हाससारखं. जाईल. कागद स्वच्छ आहे."

हे बोलताना तो मनापासून खूष होता, तीच तर गंमत. थुंकी कुणाची हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि कागदावर त्याच्याइतका विश्वासही कुणाचा नव्हता. मी आयुष्यभर लोकांना फसवलंय. मावशीच्या कोळशात फटाका ठेवलाय, बेकरीवाल्याला त्याच्याच दुकानात कोंडलंय. पण इतक्या आनंदाने फसलेला माणूस मी पाहिला नव्हता.

वहिनींच्या दारापर्यंत मी गेलोही. त्या आतून म्हणाल्या, "या भावजी, तुमच्यामुळे झालं हो सगळं." त्यांचा चेहरा असा मोकळा झाला होता, की मी "कुलूप कसं चालतंय?" विचारून परत आलो. किल्लीवाल्याची जीभ कुलूपबंद. घरी आमच्या हिने विचारलं, "जेवत का नाही?" म्हटलं, पोट भरलंय. "कशाने? थुंकी गिळून?" तिलाही काही माहीत नव्हतं, पण बाण बरोबर लागला.

बाजाराचा दिवस उजाडला. गल्ली माणसांनी भरली. मास्तरने स्टूल दुकानासमोर ठेवलं आणि फ्रॉक बाहेर काढला. गुलाबी. झालरी इतक्या, की त्यात माणूस हरवावा. लोक आधीच हसायला लागले होते.

"चढ," मास्तर म्हणाला.

मी चढलो. वरून गल्ली लांब, धूसर दिसत होती. मावशीची वाफ माझ्या गुडघ्यांपर्यंत येत होती आणि मी ढगावर उभा असल्यासारखा. खाली मास्तर, त्याचा डावा गाल, त्याचे हसणारे डोळे. मनात आलं, बोललो तर हा माणूस जातो. नाही बोललो तरी जातो. बोलल्यामुळे गेलेला निदान रुसून शेजारीच राहील.

"मावशी," मी म्हटलं, "पंच म्हणून तुम्हाला एक विचारू? एकाच्या नळीत दुसऱ्याने थुंकी भरली तर पैज कुणाची?"

"कुणी भरली?"

"मी. मास्तरच्या नळीत. त्याला येतच नव्हती. तो मशीनवर टाचलेला कागद आहे ना, तो माझा आहे. मास्तरचं तोंड अजून कुणी तपासलेलंच नाही."

आधी हसण्याची एक लाट आली, आणि मग ती मध्येच कुठेतरी विरली. वहिनी दारात होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मास्तरकडे पाहिलं. मास्तरच्या हातातून फ्रॉक घसरून जमिनीवर बसला.

"गद्दार," तो मला म्हणाला. एवढंच.

"खरं आहे का?" वहिनींनी विचारलं.

मास्तर खाली वाकून फ्रॉक गोळा करायला लागला. वहिनी आत गेल्या, कागद ओढून काढला, टाचणीसकट, आणि माझ्या हातात दिला. "तुमचा आहे. ठेवा."

मावशीने गळा साफ केला. "पैज रद्द. पुन्हा लागेल. सिस्टरसमोर, हात दिसतील असे. मास्तर, नाही आलास तर हरलास, आणि मग हा फ्रॉक तुझ्याच मापाचा उसवून देते."

"मी नाही येणार."

"ये की, मेल्या," मावशीचा आवाज एकदम बसला. "तू नसलास तर इस्त्रीला चुरगळलेले कपडे मी कुणाकडून आणू?"

सिस्टरला निरोप गेला. ती आली तीच भडकून. "अहो, हा काय पोरखेळ आहे? थुंकी उसनी देतात का कुणी? आता दोघं माझ्यासमोर बसा. तोंडात काही घालायचं नाही."

"बोललेलं चालेल?" मी विचारलं.

"बोला काय बोलायचं ते. तोंडात काही टाकू नका म्हणजे झालं."

वाचनालयाच्या खिडकीत अख्खी गल्ली. मास्तर आणि मी समोरासमोर. त्याची नळी ओठाला, ओठ पुन्हा खडूसारखे. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझं तोंडही त्या दिवशी कोरडंच होतं. भीती चिकटते, जांभईसारखी.

"मास्तर, डोळे मीट," मी म्हटलं.

"बोलू नकोस माझ्याशी."

"तू नको बोलूस. शाळेमागचं चिंचेचं झाड आठवतंय? तू वर चढायचास, मी खाली सदरा पसरून उभा. ऊन इतकं, की पानं चांदीची दिसायची. एकदा तू वरून टाकलीस, हिरवी, गाभुळलेलीसुद्धा नाही, नुसती हिरवी. मी दगडावर ठेवली तर तू ओरडलास, थांब, मी येतो, एकट्याने खाऊ नकोस."

मास्तरने डोळे मिटले नव्हते, पण पापण्या उतरल्या होत्या.

"खाली आलास. नखाने साल काढलीस. आत ओली, पोपटी, बिया अजून पांढऱ्या, मऊ. पहिल्यांदा नुसती जिभेच्या टोकाला लावलीस. तुझा उजवा डोळा आपोआप मिटला. कानामागून कळ गेली, थेट मानेत. तू म्हणालास, आई गं. मग मी खिशातून पुडी काढली. मिठाची. जरा ओलं झालेलं मीठ, खडे एकमेकांना चिकटलेले. चिंच त्यात दाबली. मीठ तिच्या अंगावर बसलं, चमकायला लागलं. आणि तू ती आख्खी, एकदम, दाढेखाली..."

खिडकीत कुणीतरी जोरात आवंढा गिळला.

"गप रे भल्या माणसा, माझी इस्त्री भिजेल!" मावशी ओरडली. सिस्टरने रुमाल तोंडाला लावला. बेकरीवाला तर खिडकी सोडून पळाला.

आणि मास्तरच्या खालच्या ओठावरून एक धागा सुटला. लांब, चकचकीत, उजेडात हलणारा. नळीत उतरला. त्याच्या मागून दुसरा. मी थांबलो नाही. लिंबाच्या फोडी आणल्या, कच्च्या आवळ्याच्या बागेतून त्याला फिरवून आणलं, कुंपणावरून उडी मारली, राखणदार मागे लागला, आणि पळता पळता त्याची नळी भरत गेली. खोलीत नुसता माझा आवाज होता आणि सगळे त्या आवाजात कुठेतरी झाडाखाली बसले होते.

रेघ आली. सिस्टरने नळी त्याच्या हातातून घेतली, स्वतः झाकण लावलं.

माझी नळी? ठणठणीत कोरडी. बोलणाऱ्याचं तोंड सुकतं, ऐकणाऱ्याचं भरतं.

"हरला," मावशी म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही. मास्तरने बाहीने तोंड पुसलं आणि बाहेर पडला.

निकाल आला तेव्हा मशीन बंद होतं. सिस्टरने मास्तरला डॉक्टरकडे बोलावलं होतं. थुंकीत चाहूल होती. डॉक्टरने गाल पाहिला, चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. ते दिवस कसे गेले ते मला नीट आठवत नाही. फळीपलीकडून आवाज नाही, किल्ल्या मुक्या. मी मुद्दाम एखादी हातानेच हलवून बघायचो.

मग एका संध्याकाळी वहिनी आल्या. हातात कुलूप नव्हतं.

"आहे," त्या म्हणाल्या. मी हातातली कानस खाली ठेवली. "पण अगदी सुरुवातीचं. तेवढाच भाग काढून टाकतायत. डॉक्टर म्हणाले, तो स्वच्छचा कागद धरून वर्ष काढलं असतंत तर मी कसलीच खात्री दिली नसती." मग पदर खोचत, "तुमच्यावर मी अजून रागावलेली आहे, भावजी."

"असा रागावलेल्या, वहिनी. सावकाश."

"उद्या ह्यांना बघायला या."

पुढच्या एका बाजाराच्या दिवशी मी पुन्हा स्टुलावर उभा आहे. अंगात गुलाबी फ्रॉक, डोक्याला फीत, हात पुढे, बोटं पुतळ्यासारखी. मास्तरच्या गालात टाके आहेत. डॉक्टरची सक्त ताकीद: बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. तंबाखूचं नाव काढायचं नाही, ते वहिनींनी जोडलंय. तो माझ्याभोवती फिरून झालर नीट करतो, टाचण्या लावतो. एक टाचणी मुद्दाम माझ्या मांडीत. मी हलत नाही. मी त्याच्याकडे बघून एक भुवई वर करतो. तो पटकन तोंड फिरवतो. गल्ली टाळ्या पिटतेय, आमची ही सगळ्यांत पुढे. उन्हात वाफ, वाफेत चेहरे, आणि मी त्यावर गुलाबी तरंगतोय.

इतक्यात परगल्लीतल्या एक बाई येतात. चष्मा विसरलेल्या असाव्यात. झालर चिमटीत धरून कापड बघतात, माझा कोपर दाबून बघतात.

"पुतळा चांगला भरीव आहे हो. माझ्या भाचीच्या मापात मिळेल का हा?"

मास्तर हातवारे करतो. बाईंना कळत नाहीत. "मिळेल की नाही? सांगा की. तोंडाला कुलूप लावलंय का?" बाई निघायला लागतात. मास्तरचं गिऱ्हाईक चाललं. तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे.

"मिळेल," मी म्हणतो. "पण छातीला जरा सैल करावा लागेल."

बाई जी किंकाळी फोडतात, ती बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाते. मावशी जमिनीवर बसून हसतेय. मास्तरने दोन्ही हातांनी गाल दाबून धरलाय, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, खांदे गदगद हलतायत, आणि वहिनी दुकानातून धावत येऊन मला झाडूने बडवतायत.

"भावजी, टाके तुटतील ना त्यांचे! गप्प उभे राहा! अजून दिवे लागायचेत!"